जुनी फायबर बोट घेताय? आधी तिच्या पोटावरून हात फिरवा



पाऊस लागला की जुन्या बोटींचे फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते, बोटी वर ओढल्या जातात, आणि ज्याला विकायची असते तो याच दिवसांत गिऱ्हाईक शोधतो. पावसाने तलाव भरायला लागले की आपल्यालाही याच दिवसांत बोटीची गरज लागते. त्यामुळे दरवर्षी आषाढ-श्रावणात आपल्या मंडळीतला कोणी ना कोणी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जाऊन जुनी फायबर बोट बघून येतो. या वेळीही दोघांनी विचारलं आहे, "बोट छान दिसते, घेऊ का?" फोटोवरून आम्ही काहीच सांगू शकत नाही. पण बघायचं कसं, ते सांगू शकतो. ते आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत.

आमची घरं वाडीत, रंगमहालच्या आसपास. पाणी मात्र शहराबाहेर, ठेक्यावर घेतलेलं. समुद्रावर आम्ही कधी धंदा केला नाही. तीन वर्षांपूर्वी मंडळीने पहिली मोठी बोट घ्यायची ठरवली तेव्हा आमच्याकडे लाकडी होड्या होत्या, आणि त्यांना दरवर्षी डांबर, खिळे, फळ्या यांचाच खर्च. फायबरला कीड लागत नाही, गंज चढत नाही, एवढं ऐकून आम्ही चौघे किनाऱ्यावर गेलो. बंदराचं नाव घेत नाही, विकणाऱ्याचंही नाही. बोट २४ फुटी, मे महिन्यात वर ओढलेली. खालच्या भागाला ताजा निळा रंग, वरचा भाग मात्र उन्हाने पांढुरका झालेला. आम्ही इंजिन चालू करून बघितलं, जाळं ठेवायची जागा बघितली, नाळेजवळ उभं राहून फोटो काढले. बोटीच्या खाली वाकून एकानेही बघितलं नाही. सव्वा लाखात सौदा झाला. त्यातले साठ हजार सभासदांच्या शेअरचे, बाकी उसने.

पुढच्या मे महिन्यात पाणी उतरल्यावर बोट ट्रॅक्टरने बाहेर ओढली. पाण्याच्या रेषेखाली सगळ्या अंगावर फोड. काही मसुरीएवढे, बरेच चण्याएवढे, आणि मागच्या बाजूला कण्याजवळ दोन-चार चांगले लिंबाएवढे. आमच्यातल्या एकाने स्क्रूड्रायव्हर घालून एक फोडला, तर आतलं पाणी पिचकारीसारखं उडून थेट डोळ्यात गेलं. डोळा दोन दिवस लाल होता. पाण्याला व्हिनेगरसारखा आंबट वास, आणि बोटांना तेलकट चिकट लागत होतं. आम्हाला वाटलं, कोणी ॲसिड टाकलं की काय.

कोणी काही टाकलं नव्हतं. ते पाणी बोटीनेच आत ओढून घेतलं होतं.

कसं, ते समजून घ्या, कारण हे समजलं की बोट बघताना काय शोधायचं ते आपोआप कळतं. फायबर बोट म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिच्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन. साच्यात आधी गुळगुळीत रंगीत थर मारतात, तो जेलकोट. साधारण अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या मागे मॅटचे थर एकावर एक. आपल्याला वाटतं जेलकोट म्हणजे प्लास्टिकची बादली, थेंब आत जाणार नाही. तसं नसतं. पाण्याची वाफ जशी मडक्यातून झिरपते, तसं पाणी जेलकोटमधून अतिशय हळू आत जातं. सगळ्याच बोटींत जातं, नव्या असोत की जुन्या. नुसतं गेलं तर बिघडत नाही. बिघडतं केव्हा, तर आत पाण्यात विरघळणारं काही राहिलेलं असेल तेव्हा. रेझिन नीट न पिकल्यामुळे सुटं राहिलेलं ग्लायकॉल, हार्डनरचा अंश, मॅटचे धागे एकत्र धरून ठेवणारा डिंक, कारागिराच्या हातचा घाम किंवा धूळसुद्धा. हे सगळं त्या पाण्यात विरघळतं आणि आत एक घट्ट पाक तयार होतो. मग बाहेरचं पाणी त्या पाकाकडे ओढलं जातं.

घरात मनुका भिजवता ना? साध्या पाण्यात टाकल्या की रात्रीत टम्म फुगतात. साखरेच्या पाकात टाकल्या तर तेवढ्या फुगत नाहीत. हेच तत्त्व. मनुकेच्या सालीच्या जागी जेलकोट धरा. आत पाक, बाहेर पाणी, आणि पाणी आत जात राहतं, बाहेर यायला मात्र पाकातल्या जड वस्तूंना वाट मिळत नाही. दाब वाढतो, जेलकोट उचलला जातो, फोड येतो. आणखी काळ गेला की ते पाणी रेझिनलाच तोडायला लागतं, त्यातून आम्ल सुटतं. आंबट वास तिथून येतो. इंग्रजी शिकलेले याला ऑस्मोसिस म्हणतात. किनाऱ्यावरचे कारागीर म्हणतात "बोटीला देवी आल्या".

आता मनुकेचं उदाहरण उलटं करून बघा, म्हणजे आमची चूक कुठे झाली ते कळेल. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास मीठ असतं. म्हणजे बाहेरही थोडा पाकच आहे. तलावाचं, धरणाचं पाणी गोडं. बाहेर फारसं काही विरघळलेलं नाही, म्हणून आतली ओढ जास्त. जी बोट समुद्रात दहा वर्षं बऱ्यापैकी टिकली, तीच उकाईत, कडाण्यात किंवा आपल्याकडच्या तलावात टाकली की फोड लवकर दिसतात. त्यात आपलं पाणी उन्हाळ्यात कोमट होतं, आणि गरम पाण्यात हा सगळा प्रकार वेगाने होतो. शिवाय किनाऱ्यावर लहान बोटी बऱ्याच ठिकाणी रोज वाळूवर ओढून ठेवतात, त्या सुकतात. आपण मात्र बोट खुंटीला बांधून महिनोन्‌महिने पाण्यात ठेवतो. किनाऱ्यावरची माणसं आम्हाला म्हणाली होती, "भाई, दरियामध्ये चालली, तुमच्या तलावात काय होणार?" त्यांनी हे खोटेपणाने म्हटलं असेलच असं नाही. त्यांना त्यांच्या पाण्याचा अनुभव.

हे दुखणं आपल्याकडचं किंवा स्वस्त कारागिरांचं आहे असंही समजू नका. परदेशात महागड्या शिडाच्या बोटींना एवढे फोड यायला लागले की १९८० च्या दशकात अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऱ्होड आयलंड विद्यापीठाकडून त्याचा खास अभ्यास करून घेतला होता. त्यानंतर चांगले बोट बांधणारे बाहेरच्या थरांना जास्त चांगलं रेझिन वापरायला लागले. आपल्याकडे दुकानात दोन शब्द ऐकू येतात, जीपी रेझिन आणि आयसो रेझिन. जीपी स्वस्त, पाण्याला कमी टिकतं. आयसो त्याहून बरं. व्हिनिल एस्टर आणखी बरं आणि आणखी महाग. मॅटमध्येही पावडर मॅट आणि इमल्शन मॅट असा फरक आहे, इमल्शन मॅटचा डिंक पाणी जास्त धरतो. जुन्या बोटीत काय वापरलं ते बघून कळत नाही. बांधणाऱ्याचं नाव, साचा आणि साल कळलं तर त्याच साच्यातल्या दुसऱ्या बोटी त्या बंदरात असतील, त्या बघून या. आमच्या मते ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी केली जाणारी तपासणी.

आता बोट बघायला गेल्यावर काय करायचं.

पहिली गोष्ट, बोट पाण्यातून कधी काढली ते विचारा, आणि एकट्या मालकाला विचारून थांबू नका. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. बोट बाहेर उन्हात राहिली की फोड बसतात. आतलं पाणी कमी होतं, जेलकोट पुन्हा खाली टेकतो, आणि दोन महिन्यांनी हात फिरवला तरी फारसं जाणवत नाही. बरे झालेले नसतात. पाक आतच असतो, फक्त सुकलेला. बोट पाण्यात गेली की पुन्हा फुगतात. आमच्या बोटीचं हेच झालं. मे महिन्यात वर काढली, जूनमध्ये घासून रंग मारला, जुलैच्या शेवटी आम्ही गेलो. म्हणून बोट पाण्यात असेल तर आपल्यासमोर बाहेर काढायला सांगा आणि त्याच दिवशी बघा. आधीच बाहेर असेल तर मालकाला सरळ सांगा, आठ-पंधरा दिवस पाण्यात सोडा, आम्ही पुन्हा येतो. एवढ्याने सगळे फोड वर येतीलच असं नाही, पण मालक या गोष्टीला तयार होतो की टाळतो, त्यावरूनही बरंच कळतं.

दुसरं, रंग. पाण्याच्या रेषेखालचा रंग ताजा आणि वरचा जुना असेल तर सावध व्हा. रंग मारणं हा काही गुन्हा नाही, धंद्यावर जाणारा माणूस दरवर्षी रंग मारतोच. पण जो माणूस बोट विकणार आहे, तो पोटाला रंग का मारतोय, एवढं विचारायला हरकत नाही. लांबी भरल्याचे गोल ठिपके दिसतात का बघा. दुपारच्या उन्हात हे दिसत नाही. संध्याकाळी जा आणि टॉर्च बोटीच्या अंगाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. उजेड आडवा पडला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. आम्ही नंतर ज्या बोटी बघितल्या त्या सगळ्या अंधार पडल्यावर बघितल्या. एका ठिकाणी लोकांनी आम्हाला चोर समजून हटकलं, तेही सांगून टाकतो.

तिसरं, हात. डोळे मिटून तळहात फिरवा. हसू नका. डोळ्याला रंग फसवतो, तळहाताला फसवणं कठीण. पाण्याच्या रेषेपासून सुरू करून कण्यापर्यंत, आणि मागे जिथे बोट कायम पाण्यात बुडालेली असते तिथे जास्त वेळ.

चौथं, आवाज. स्क्रूड्रायव्हरची मूठ किंवा प्लास्टिकची हातोडी घ्या. लोखंडी हातोडी नको, ती स्वतःच भेगा पाडते. हळू हळू ठोकत जा. घट्ट थर टणटणीत वाजतो. थर आतून सुटले असतील तर पिकलेल्या कलिंगडासारखा बद्द आवाज येतो. एकाने ठोकायचं, दुसऱ्याने खडूने खूण करायची. खुणा तुरळक असतील तर ठीक. खुणा एकमेकींना जोडून मोठा पट्टा होत असेल, तर ती बोट सोडा. नुसत्या फोडांपेक्षा हे फार वाईट.

एक सावधगिरी. अलंगहून जहाजांच्या फायबर लाइफबोटी विकायला येतात आणि आपल्यातल्या दोघांना त्या घ्यायच्या आहेत. त्या जहाजावर टांगलेल्या असतात, पाण्यात फार क्वचित उतरतात, म्हणून त्यांना फोड बहुतेक नसतात आणि लोक त्यावर खूश होतात. पण त्या कधी भिजल्याच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या तलावात वर्षभर ठेवल्यावर काय होईल ते आज दिसणार नाही. आणि अनेक लाइफबोटी दुहेरी असतात, दोन भिंतींच्या मध्ये फोम. त्या ठोकल्यावर बद्दच वाजतात, त्यात दोष नाही. तिथे ठोकण्याची परीक्षा चालत नाही, वजनाची चालते. तिच्याकडे पुढे येतो.

फोड दिसले, तर पुढे काय? इथेच माणसं दोन टोकं गाठतात. एक म्हणतो, फोड आले म्हणजे बोट संपली. दुसरा म्हणतो, फोड सगळ्यांनाच येतात, रंग मारा आणि चालवा. दोघांचंही ऐकू नका. फोड किती खोल आहे ते बघा.

मालकाची परवानगी घेऊन तीन-चार फोड उघडा. डोळ्यांवर चष्मा हवाच, आमच्या माणसाची गोष्ट वर सांगितली आहे. काही वेळा फोड फक्त रंगाच्या थरात असतो, खरवडला की खाली जेलकोट सुरेख निघतो. मग मालकाला चहा पाजा. आतून पाणी आलं तर बोटांनी चोळून बघा, वास घ्या. आम्ही कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याकडून निळा लिटमस कागद मागवला होता. थेंब लावला की लाल. साधं तलावाचं पाणी असं करत नाही. मग फोडाच्या तळाशी बघा. खाली गुळगुळीत, घट्ट, काचेसारखं रेझिन असेल तर दुखणं वरवरचं. पांढरे कोरडे धागे दिसत असतील, नखाने थर सुटत असतील, तर पाणी आत मुरलं आहे. आकारावरूनही अंदाज येतो. चण्याएवढे फोड बहुतेक जेलकोटच्या मागचे. तळहाताएवढा पसरट उंचवटा आला असेल तर तो मॅटच्या थरांमधला.

मोजणीही करा. खडूने एक फूट लांब, एक फूट रुंद असे चार चौकोन आखा, दोन पुढे, दोन मागे. प्रत्येकातले फोड मोजा आणि वहीत लिहा. "खूप फोड आहेत" असं म्हणून भाव कमी होत नाही. "मागच्या चौकोनात बावीस आहेत आणि पुढच्यात चार" म्हटलं की मालकही खाली वाकून बघतो.

चांदणीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर त्या फोड नव्हेत. कुठे तरी मार बसला आहे किंवा बोट तिथे वाकते आहे. आतून त्याच जागी फळ्या उचलून बघा. फळ्या उचलायच्याच आहेत, कारण बोटीचं पोट आतूनही भिजतं. पावसाचं पाणी बोटीत साठून राहतं, आतल्या बाजूला बहुतेक वेळा जेलकोट नसतोच, नुसतं रेझिन. बाहेरून स्वच्छ आणि आतून कुजकी अशी बोट आम्ही बघितली आहे. इंजिनाची बैठक हलवून बघा. आणि मागची फळी, जिच्यावर आउटबोर्ड मशीन लटकतं, तिच्यात बहुतेक बोटींत प्लायवूड घातलेलं असतं. मशीन हाताने वर-खाली हलवा. फळी हलत असेल, बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी येत असेल, तर आतलं लाकूड कुजलं आहे. एकदा एका बोटीच्या अंगावर एकही फोड नव्हता, आरशासारखी चकाकत होती. मागची फळी मात्र बिस्किटासारखी. आम्ही परत फिरलो.

आता वजन. बोटीच्या पोकळ्यांत थर्मोकोल किंवा फोम भरलेला असतो, बोट भरली तरी बुडू नये म्हणून. भेगांतून पाणी शिरून तो फोम वर्षानुवर्षं ओला राहिला की त्याचं वजन वाढतं, आणि ते वाळत नाही. बोट टेम्पोवर चढवायची असतेच, तर वाटेतल्या वजनकाट्यावर रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो दोन्ही तोला. त्याच साच्याची नवी बोट किती भरते ते बांधणाऱ्याकडून विचारून घ्या. फरक दहा-वीस किलोचा असेल तर काट्यातच तेवढा फरक येतो, सोडून द्या. शे-दोनशे किलो जास्त भरली, तर तेवढं पाणी तुम्ही विकत घेताय.

हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं, २ शिक्षिका गेल्या. तिथे फोडांचा काही संबंध नव्हता, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती आणि सगळ्यांना लाइफजॅकेट नव्हती. पण त्या दिवसापासून वाडीत घरोघरी बायका विचारतात, तुमची बोट किती माणसं पेलते? पाणी मुरलेली बोट मुळातच खाली बसलेली असते. तिच्यावर लिहिलेला आकडा नव्या बोटीचा आहे. दहा माणसांचं वजन पेलणारी बोट दोनशे किलो पाणी घेऊन बसली असेल तर ती आताच तीन माणसं बसवून उभी आहे, आणि आपण त्यावर दहा चढवतो, शिवाय जाळं. फोडांनी सहसा बोट बुडत नाही, हे खरं. पण फोडांकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाने फोमकडे लक्ष दिलं असेल अशी आशा धरू नका.

दुरुस्तीबद्दल थोडं, कारण भाव ठरवताना ते लागतं. फोड उघडला, लांबी भरली, रंग मारला, हे काम नव्हे. आतलं ग्लायकॉल उन्हाने उडून जात नाही. ते पाण्यात विरघळतं, म्हणून ते धुऊनच काढावं लागतं. फोड ग्राइंडरने कडेपर्यंत उघडा, गोड्या पाण्याने जोरात धुवा, सुकू द्या, पुन्हा धुवा. असं बरेच दिवस. मग पूर्ण सुकवा. सुकलं का ते बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस उन्हात ठेवा. आत दव जमलं तर अजून ओलं आहे. आपला एप्रिल-मे यासाठी उत्तम. त्यानंतर इपॉक्सीची लांबी आणि इपॉक्सीचे चार-पाच हात. जुन्या फायबरवर पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी चांगलं धरतं. सकाळी सावलीत काम करा आणि थोडं थोडं कालवा, डब्यात जास्त ठेवलं तर तापून धूर निघतो. काचेची धूळ फुफ्फुसात जाते, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. आणि कोणी पॉलिएस्टरचं काम करत असेल तर लक्षात ठेवा, कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचं, मग दुसरं. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

सगळा जेलकोट सोलून पूर्ण बोट नव्याने करायची तर मजुरी आणि सामान मिळून लहान बोटीच्या किमतीच्या जवळ जातं. श्रीमंतांच्या बोटींना ते परवडतं. आपल्याला परवडत नाही, हे आधीच मान्य करून भाव करा.

आमच्या बोटीचं काय झालं ते बऱ्याच जणांनी विचारलं. मे महिन्यातच बैठक झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपल्याला जशी मिळाली तशी पुढे द्या. दोन महिने सुकू द्या, रंग मारा, श्रावणात गिऱ्हाईक येईलच." उसने पैसे डोक्यावर होते, त्यामुळे त्यांना कोणी लगेच गप्प केलं नाही. अर्धा तास खरोखरच त्यावर बोलणं झालं. मग डोळा लाल झालेला गडी म्हणाला, "काका, घेणारा आपल्यासारखाच कोणी मंडळीवाला असणार ना. त्याच्या डोळ्यात पाणी उडालं तर तो कोणाला शिव्या देईल?" काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, मग ग्राइंडर कोणाकडे आहे ते बघा." बोट ठेवली. मोठे फोड उघडून नीट केले, बारीक तसेच सोडले. आता ती दर आठवड्याला दोन दिवस बाहेर ओढून ठेवतो आणि तिच्यावर माणसं कमी चढवतो. उसने पैसे गेल्या दिवाळीला फिटले.

दुसरी बोट मागच्या वर्षी घेतली, आणि ऐकून नवल वाटेल, तिलाही फोड होते. चौकोनात पाच-सहा, सगळे चण्याएवढे, तीन उघडले, तिन्हींच्या तळाशी घट्ट रेझिन. आवाज टणटणीत, मागची फळी पक्की, वजन बरोबर. मालकाने स्वतःच पहिला फोड दाखवला. आम्ही वही काढली, दुरुस्तीचा खर्च मांडला, तेवढे पैसे भावातून कमी झाले. बिनफोडाची म्हणून चकाकणारी बोट सोडून फोडवाली घेतली, असं घरी सांगितल्यावर बोलणी खावी लागली ते वेगळं.

कागदांचं विसरू नका. किनाऱ्यावरच्या बोटीवर आयएनडी-जीजे असा नंबर असतो. तो कोणाच्या नावावर आहे, त्यावर कर्ज आहे का, हे मत्स्य खात्याच्या कचेरीत विचारून घ्या आणि बोट हलवण्यापूर्वी नोंद बदलून घ्या. इंजिनाचा नंबरही कागदाशी जुळवा.

या रविवारी सकाळी सातला आपली दुसरी बोट बाहेर ओढणार आहोत. वर्षभर गोड्या पाण्यात राहून फोड किती वाढले ते मोजायचं आहे, मागच्या वर्षीची वही सोबत असेल. ज्यांना जुनी बोट घ्यायची आहे त्यांनी टॉर्च, खडू आणि चष्मा घेऊन यावं. स्क्रूड्रायव्हर आमच्याकडे आहे.